जग जोडून पाहणारे भूगोलवेत्ते : अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट



आजकाल घरबसल्या संगणकावर किंवा मोबाईलवर दूरदेशीच्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम करता येतात. जगाचा प्रादेशिक भूगोल हा विषयही त्यांत आहे. ही सोय उत्तमच आहे. परंतु देश, राजधानी, नद्या आणि पिके पाठ करून चाचणीत गुण मिळवले म्हणजे भूगोल आला, असे आम्हांला वाटत नाही. प्रदेशाकडे कसे पाहावे हे ज्यांनी जगाला शिकवले, त्या हम्बोल्ट यांचे चरित्र म्हणूनच या अंकात देत आहोत.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना वडील वारले. दोन्ही मुलांनी सरकारी अधिकारी व्हावे अशी आईची इच्छा होती. थोरले बंधू विल्हेल्म यांनी पुढे बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेत मोठा वाटा उचलला. अलेक्झांडर यांचा जीव मात्र झाडे, किडे आणि दगड यांत रमे. तरी त्यांनी आईचा शब्द मोडला नाही. फ्रायबर्ग येथे खाणविद्या शिकून ते प्रशियाच्या खाण खात्यात अधिकारी झाले. तेथेही त्यांनी केवळ नोकरी केली नाही. खाणकामगारांना अक्षरओळख आणि खनिजांचे ज्ञान मिळावे म्हणून १७९३ मध्ये श्टेबेन गावी त्यांनी मोफत शाळा काढली आणि तिच्यासाठी स्वतःचा पैसा खर्च केला. खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवाही बनवला.

१७९६ मध्ये आईचे निधन झाले व वारशाचा पैसा हाती आला. हम्बोल्ट यांनी नोकरी सोडली आणि ५ जून १७९९ रोजी वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लाँ यांच्यासह स्पेनहून दक्षिण अमेरिकेकडे प्रयाण केले. हा प्रवास पाच वर्षे चालला. वायुभारमापक, तापमापक, दुर्बिणी अशी उपकरणे जपत ते नदीतून, जंगलातून आणि डोंगरांतून फिरले. ओरिनोको आणि ॲमेझॉन या दोन महानद्यांची खोरी कासिक्यारे या प्रवाहाने जोडलेली आहेत, याची त्यांनी प्रत्यक्ष जाऊन खात्री केली. व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराचे पाणी का आटते, असा तेथील लोकांना प्रश्न पडला होता. भोवतालची जंगले तुटली आणि नाल्यांचे पाणी शेतीकडे वळवले गेले, हे कारण हम्बोल्ट यांनी १८०० मध्ये शोधले. झाडे गेली की पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वाहून जाते आणि सोबत माती नेते. हे आज आपण सर्व जण म्हणतो, पण तेव्हा हा विचार नवा होता.

२३ जून १८०२ रोजी ते चिंबोराझो पर्वतावर चढले. त्या काळी हा जगातील सर्वांत उंच पर्वत समजला जाई. शिखर गाठता आले नाही, पण सुमारे ५,९०० मीटर उंचीपर्यंत ते पोहोचले. पायथ्याशी उष्ण प्रदेशातील झाडी, वर थंड हवेतील झुडपे, त्याहून वर शेवाळ आणि शेवटी बर्फ. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना जसा फरक दिसतो, तसाच एका डोंगरावर चढतानाही दिसतो, हे त्यांनी ओळखले. आपल्या माळव्याच्या पठारावरून घाट उतरून निमाडात गेले की हवा बदलते, तेही याच नियमाने. १८१७ मध्ये त्यांनी सारखे सरासरी तापमान असलेली ठिकाणे रेषेने जोडली. तुमच्या नकाशातील समताप रेषा त्या याच.

यानंतर त्यांना हिमालय पाहायचा होता. त्यासाठी ते लंडनला गेले, प्रशियाच्या राजाने खर्चही मान्य केला, परंतु ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात येण्याची परवानगी दिली नाही. स्पॅनिश वसाहतींतील जुलूम आणि गुलामगिरी यांवर त्यांनी केलेली टीका कंपनीला रुचली नसावी, असे मानले जाते. हिमालय त्यांना शेवटपर्यंत दिसला नाही. पण अभ्यास थांबला नाही. इतरांनी घेतलेली मापे व पत्रे जमवून त्यांनी एक कोडे सोडवायला घेतले : हिमालयाच्या दक्षिण बाजूपेक्षा तिबेटकडील उत्तर बाजूस हिमरेषा अधिक उंचावर का? तिबेटची कोरडी हवा, कमी हिमवृष्टी आणि उन्हाने तापणारे पठार यांत त्यांना उत्तर सापडले. न पाहिलेला प्रदेशही नीट अभ्यासाने समजतो, याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही.

१८२७-२८ मध्ये त्यांनी बर्लिन येथे पृथ्वीविषयी मोफत व्याख्याने दिली. राजघराण्यापासून कारागिरांपर्यंत सर्व थरांतील लोक तेथे येत. ज्या काळी स्त्रियांना विद्यापीठात प्रवेश नव्हता, त्या काळी स्त्रियाही मोठ्या संख्येने येऊन बसत. ज्ञानाचे दार सर्वांना खुले करण्याचा हा प्रयत्न आजच्या घरबसल्या अभ्यासक्रमांचा पूर्वजच म्हणावा.

१८२९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी रशियातून अल्ताय पर्वतापर्यंत प्रवास केला. 'कॉसमॉस' या महाग्रंथाचा पहिला खंड १८४५ मध्ये आला, तेव्हा ते पंचाहत्तरीला पोहोचले होते. वारशाचा सारा पैसा प्रवास आणि ग्रंथप्रकाशन यांत संपला होता. ६ मे १८५९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, या चरित्रातून एक गोष्ट घ्या. प्रदेश एकटा पाहू नका, दुसऱ्याशी जोडून पाहा. इंदूर, मक्का, हाँगकाँग आणि हवाना ही शहरे २१ ते २४ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. मग एके ठिकाणी काळी माती, दुसरीकडे वाळवंट आणि उरलेल्या दोन ठिकाणी समुद्रकाठची दमट हवा, असे का? वारे, समुद्र, उंची आणि माणसाचे काम, या चार बाजूंनी उत्तर शोधा आणि एक पान लिहून आपल्या भूगोलाच्या शिक्षकांना दाखवा.

पालकांनाही एक विनंती. आपले पाल्य नकाशात रमत असेल, तर भूगोल घेऊन काय होणार, असे म्हणून त्याला थांबवू नका. घरी पृथ्वीचा एक गोल जरूर ठेवा. मोबाईलवरचा धडा संपला की बोट त्या गोलावर फिरू द्या.