सर हॅरी रिकार्डो

पुष्कळ माणसें व सामान घेऊन मोटार घाट चढूं लागली म्हणजे कधीं कधीं तिच्या एंजिनांतून धातूवर बारीक हातोडी मारल्यासारखा आवाज ऐकूं येतो. रस्ता सोडून खडकांतून व चिखलांतून जाणाऱ्या जीपगाडीच्या बाबतींत तर हा अनुभव विशेष येतो. कारण तिला वेग थोडा ठेवून जोर मात्र पुष्कळ लावावा लागतो. या ठोक्याचा शोध घेण्यांत ज्यांनीं आपल्या आयुष्यांतील उत्तम वर्षें वेंचलीं, त्या सर हॅरी रिकार्डो यांचें अल्पचरित्र येथें देत आहें.

हॅरी यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजीं लंडन येथें झाला. वडील हाल्सी रिकार्डो हे नामांकित वास्तुशिल्पकार होते. कलकत्त्यास जाणाऱ्या आपल्या वाचकांनीं हावडा स्टेशनची जी भव्य इमारत पाहिली असेल, ती त्यांच्याच आराखड्याप्रमाणें बांधलेली आहे. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे थोर इंजिनियर. रग्बी येथील शिक्षण आटोपून १९०३ सालीं हॅरी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाले. तेथें एक मौजेची शर्यत लागली. एक क्वार्ट, म्हणजे सव्वा लिटरहूनही कमी, पेट्रोलांत कोणाचें वाहन सर्वांत दूर जातें, हें पाहावयाचें होतें. हॅरीची मोटारसायकल सर्वांत जड. तरी चाळीस मैल जाऊन तिनेंच बाजी मारली! प्रोफेसर बर्ट्रम होपकिन्सन यांचें लक्ष या मुलाकडे गेलें व त्यांनीं त्याला आपल्या संशोधनांत ओढून घेतलें. अशा नजरेचा शिक्षक लाभणें ही ईश्वराची मोठीच कृपा म्हटली पाहिजे.

एंजिनाच्या सिलिंडरांत हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें आणि ठिणगीनें पेटतें. ज्वाला एका बाजूकडून दुसरीकडे क्रमानें पसरत गेली पाहिजे. मिश्रण ठिणगीच्या आधींच पेटल्यामुळें ठोका बसतो, अशी त्या काळीं सर्वसाधारण समजूत होती. होपकिन्सन यांना ती पटत नसे. ज्वाला पोंचण्यापूर्वीं मिश्रणाचा शेवटला भाग दाबानें व उष्णतेनें आपोआप एकदम भडकतो, हें खरें कारण पुढें रिकार्डो यांच्या प्रयोगांनीं प्रस्थापित झालें.

१९०६ सालीं पदवी मिळाल्यावर ते आजोबांच्या कंपनींत शिरले; पण मन एंजिनांतच होतें. इतक्यांत पहिलें महायुद्ध आलें. सप्टेंबर १९१६ मध्यें इंग्रजांचे रणगाडे प्रथम रणांगणावर उतरले. सुमारें २८ टन वजन, आणि एंजिन १०५ अश्वशक्तीचें! त्यांतून निळा धूर इतका निघे कीं शत्रूला रणगाड्याची जागा दुरूनच कळे. मग आंतील माणसांची काय गत! शिवाय चांगलें पेट्रोल विमानांकडे जाई व रणगाड्यांच्या वांट्यास हलकें येई. नवें एंजिन करण्याचें काम रिकार्डो यांजकडे आलें. मिळणार नाहीं त्या पेट्रोलची त्यांनीं आशा धरली नाहीं. हलक्या पेट्रोलवर ठोका न देतां चालेल इतकाच दाब त्यांनीं एंजिनांत ठेवला, आणि तेल वर चढून जळूं नये म्हणून दट्ट्याची रचना बदलली. तें एंजिन १५० अश्वशक्तीचें झालें व धूर थांबला. आंतील माणसांचे उष्म्यानें व विषारी वायूनें होणारे हाल मात्र टळले नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. ८ ऑगस्ट १९१८ रोजीं आमियांच्या लढाईंत हीं एंजिनें बसविलेले शेंकडों रणगाडे पुढें सरसावले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस होपकिन्सन विमान-अपघातांत मरण पावले.

युद्धानंतर रिकार्डो यांनीं शोरहॅम येथें आपलें काम सुरू केलें. टिझर्ड व पाय या शास्त्रज्ञांच्या साहाय्यानें त्यांनीं निरनिराळ्या तेलांची परीक्षा आरंभिली. त्यासाठीं चालतां चालतां दाब कमीअधिक करतां येईल असें एंजिन तयार केलें. तेल घालावें, ठोका ऐकूं येईपर्यंत दाब वाढवावा व आंकडा टिपावा, असा हा खटाटोप! टोल्युइन नांवाचें द्रव्य ठोक्याला फार टिकतें असें दिसून आलें, म्हणून त्याच्या तुलनेनें इतर तेलांची प्रत ठरविली. याच वाटेनें पुढें ऑक्टेन-मापन आलें. १९२६ सालीं अमेरिकेंत ग्रॅहॅम एडगर यांनीं आयसो-ऑक्टेनला १०० व हेप्टेनला शून्य गुण देऊन तें सुचविलें.

पंपावरील हा आंकडा पाहून पुष्कळ पालकांची समजूत होते कीं आंकडा मोठा तर गाडीचा जोर मोठा. तसें नाहीं. तो केवळ ठोका सहन करण्याची शक्ति सांगतो. कमी दाबाच्या जुन्या जीपला महाग पेट्रोल पाजणें म्हणजे बहुधा पैसे वायां घालविणें होय. उलट, अधिक दाबाच्या एंजिनाला हलकें पेट्रोल घालून खडकाळ चढावर हांकलें तर दट्ट्ये खराब होण्याचें भय असतें. गाडी करणाऱ्यानें पुस्तकांत जो आंकडा दिला असेल, त्याहून कमी प्रतीचें घालूं नये.

१९२९ सालीं रिकार्डो रॉयल सोसायटीचे सभासद झाले व १९४८ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली. १८ मे १९७४ रोजीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.