सुरवंट पाळणारी मारिया

लिंबाच्या रोपावर अळी दिसली की आपण ती चिमटीत धरून फेकून देतो. मारिया मेरियन ती घरात आणून पाळी.

तिचा जन्म सन १६४७ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्ट येथे झाला. चित्रकला ती सावत्र वडिलांकडे शिकली. किडे चिखलातून, कुजक्यातून उपजतात असे त्या काळी पुष्कळांना वाटे. मारिया तेराव्या वर्षापासून रेशमाचे किडे पाळून अंडे, अळी, कोश, पाखरू अशी सारी रूपे रेखाटू लागली. लग्न झाले, दोन मुली झाल्या, तरी हे वेड सुटले नाही. १६७९ साली तिचे सुरवंटांवरील पुस्तक निघाले. त्यात प्रत्येक अळी तिच्या खाण्याच्या झाडावरच काढलेली आहे. कारण पुष्कळ अळ्यांना ठराविकच पाला चालतो, दुसरा घातला तर उपाशी मरतात. काही कोशांतून पाखराऐवजी माश्याच निघत, तेही तिने टिपले.

पुढे ती नवऱ्यापासून वेगळी झाली. १६९९ साली, बावन्नाव्या वर्षी, चित्रे विकून पैसा उभा केला आणि धाकट्या लेकीसह जहाजाने दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम गाठले. सोबत पुरुषमाणूस नाही! साखरेपलीकडे न पाहणारे मळेवाले तिला हसत. गुलाम बायकांनी मात्र झाडांचे गुण सांगितले. आजारपणामुळे १७०१ मध्ये परतावे लागले. १७०५ साली साठ चित्रांचे पुस्तक काढले. एका चित्रात मोठा कोळी चिमुकला पक्षी खातो आहे.

१७१७ साली ती ॲम्स्टरडॅमला वारली. नंतरच्या काही विद्वानांनी तो कोळी खोटा ठरवला. पण बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या प्रदेशात तसाच कोळी पक्ष्यांवर बसलेला पाहिला आणि १८६३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले.