सर्वांचे मामा : वै. सोनोपंत दांडेकर

ज्ञानोबाराय आपली माउली. आणि आईकडचा हक्काचा माणूस म्हणजे मामा. प्राचार्य शंकर वामन दांडेकर यांना सगळा महाराष्ट्र सोनोपंत म्हणून ओळखत असे, पण वारकऱ्यांच्या तोंडी त्यांचं नाव एकच होतं, मामा. आपल्या दिंडीच्या शताब्दीच्या या अंकात त्यांची आठवण केल्यावाचून पुढे जाणं बरं नव्हे.

मामांचा जन्म २० एप्रिल १८९६ चा, समुद्रकाठच्या केळवे-माहीमचा. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. शिकण्यासाठी ते पुण्याला आले आणि तिथेच त्यांना वै. विष्णुबुवा जोग महाराज भेटले. जोग महाराज म्हणजे तालमीत कसलेलं शरीर, निर्भीड वाणी आणि आळंदी-पंढरीची अखंड निष्ठा. त्यांच्या सहवासात या हुशार मुलाच्या आयुष्याला वळण लागलं. गळ्यात तुळशीची माळ आली ती कायमची.

त्या काळी इंग्रजी शिकलेल्या माणसाला टाळ-मृदंग म्हणजे अडाण्यांचा खेळ वाटायचा. इकडे फडावरच्या जुन्या मंडळींना वाटायचं, कॉलेज शिकलेलं पोर, हे कसलं वारी धरतंय! मामांनी दोन्हीकडची शंका वाद न घालता, वागण्यातूनच मिटवली. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, पुढे प्राचार्य झाले. वर्गात ग्रीक देशातल्या प्लेटोचं तत्त्वज्ञान शिकवणारे हे गुरुजी कीर्तनाला उभे राहिले की गावच्या शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत ज्ञानेश्वरी सांगत. 'ज्ञानदेव व प्लेटो' असा ग्रंथही त्यांनी लिहिला. परदेशातला थोर विचारवंत आणि आपली माउली यांना शेजारी बसवून पाहण्याची त्यांना भीती वाटली नाही, कारण माउली कुठेही उणी पडणार नाही हा भरवसा होता.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यापाड्यांतली गरीब मुलं तिथे यायची, माधुकरी मागून राहायची आणि संतवाङ्मय शिकायची. १९२० मध्ये जोग महाराज वैकुंठवासी झाले. संस्था अजून कोवळी होती. अशा वेळी ज्या शिष्यांनी तिचा भार खांद्यावर घेतला, त्यांत मामा होते. मोठ्या कॉलेजची जबाबदारी सांभाळूनही त्यांनी आळंदी सोडली नाही. आज गावोगावच्या सप्ताहात उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार त्या संस्थेचंच ऋण सांगतात.

मामांनी लग्न केलं नाही. गुरूंसारखेच तेही ब्रह्मचारी राहिले. पण त्यांना प्रपंच नव्हता असं कोण म्हणेल? कॉलेजची मुलं त्यांचीच, आळंदीतली पोरं त्यांचीच आणि वाटेवर चालणारी म्हातारी माणसंही त्यांचीच. घरात मामा आले की लेकरं जशी मोकळी होतात, तशी माणसं त्यांच्यापाशी मोकळी होत. एवढं मोठं खटलं फार थोड्या संसारी माणसांच्या वाट्याला येतं.

या कुटुंबासाठी त्यांनी मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे १९५३ साली निघालेली सार्थ ज्ञानेश्वरी. नऊ हजारांवर ओव्या, आणि प्रत्येकीचा सरळ मराठीत अर्थ. त्याआधी कितीतरी घरांत पोथी लाल फडक्यात बांधलेली असायची, पूजा व्हायची, पारायणही व्हायचं, पण ओवी कळायला जाणता माणूस गाठावा लागायचा. मामांनी हा जाणता माणूसच पोथीत बसवून दिला. चार बुकं शिकलेल्या बाईलाही आता चुलीशी बसून माउलीचं बोलणं समजू लागलं. वारकरी पंथाचा इतिहास आणि जोग महाराजांचं चरित्र लिहून त्यांनी गुरुऋणही फेडलं.

९ जुलै १९६८ रोजी, आषाढाच्या दिवसांतच, मामांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचं महाविद्यालय आज पालघरला उभं आहे. कॉलेजवर त्यांचं नाव आहे हे चांगलंच, पण त्यांचं खरं स्मारक आपल्या घरातल्या चौरंगावर आहे. आपल्या सप्ताहात पारायणाला शंभर माणसं बसतात, पानं भराभर उलटतात, आणि खालचा अर्थ तसाच राहून जातो. त्या बारीक अक्षरांत मामांच्या सगळ्या आयुष्याची विद्या आहे. रोज पाच ओव्या वाचा, पण अर्थासकट वाचा. मुलांना जवळ बसवून वाचा. मामांना वाहायचं फूल ते हेच.

रामकृष्णहरी.