चिंतामण द्वारकानाथ देशमुख

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि भारताचे माजी अर्थमंत्री होते. ते सी. डी. देशमुख या नावानेही ओळखले जातात.

जीवन

देशमुखांचा जन्म महाडजवळील नाते येथे झाला. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले व मध्य प्रांत-वऱ्हाडात रुजू झाले.

रिझर्व्ह बँक

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून घेतलेल्या मालाचे मोल लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्याच्या आधारे भारतात नोटा छापल्या जात. त्यामुळे चलन व महागाई वाढली. जमा रक्कम मात्र भारताला मनाप्रमाणे खर्चता येत नव्हती. युद्धाअखेर हे येणे शंभर कोटी पौंडांहून अधिक होते. ऑगस्ट १९४३ मध्ये, बंगालमध्ये दुष्काळ असताना, देशमुख गव्हर्नर झाले.

जुलै १९४४ मधील ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताचे प्रतिनिधी होते. या येण्याचा काही भाग इतर चलनांत बदलून मिळावा, ही भारताची मागणी तेथे मान्य झाली नाही. हा प्रश्न उभय देशांनी सोडवावा, अशी ब्रिटनची भूमिका होती. १९४७ पासून करारांद्वारे ही रक्कम टप्प्याटप्प्याने मोकळी होत गेली. फाळणीनंतर जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेने पाकिस्तानचेही चलनव्यवहार सांभाळले.

अर्थमंत्रिपद

१ जून १९५० रोजी देशमुख अर्थमंत्री झाले. त्याच महिन्यात कोरियन युद्ध पेटले व कच्च्या मालाचे भाव जगभर चढले. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा काळ त्यांच्याच कारकिर्दीत गेला. इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर (१९५५) आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण (१९५६) हे त्यांच्या काळातील प्रमुख निर्णय होत. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या केंद्राच्या धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ साली राजीनामा दिला.

उत्तरायुष्य

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांना १९५९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार व १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवादही केला. समाजसेविका दुर्गाबाई देशमुख या त्यांच्या पत्नी होत.