राजद्रोहाचें कलम आणि एडमंड कॅम्पियन

कायद्याचें कलम दाखविलें म्हणजे न्याय झाला, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एडमंड कॅम्पियन ह्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूचें चरित्र अवश्य पाहावें, अशी आमची विनंति आहे.

१५४० सालीं लंडनांतील एका पुस्तकविक्रेत्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथें त्याच्या वक्तृत्वाची ख्याति एवढी झाली कीं, १५६६ सालीं राणी एलिझाबेथ तेथें आली तेव्हां तिच्यापुढें वादविवाद करणाऱ्या विद्वानांत त्याची निवड झाली. राणीची मर्जी बसली. मोठें पद दूर नव्हतें. परंतु राणीच्या प्रॉटेस्टंट पंथावर त्याचें मन स्थिर होईना. अखेर त्यानें देश सोडला, १५७३ सालीं रोम येथें तो जेझुइट संघांत शिरला, व १५७८ सालीं प्राग येथें त्यास धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

इंग्लंडच्या सरकारास वाटणारें भय अगदींच निराधार होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. १५७० सालीं पोपनें राणीस बहिष्कृत करून तिच्या प्रजेस राजनिष्ठेंतून मुक्त केलें होतें. अशा संशयाच्या दिवसांत, १५८० च्या जूनमध्यें, कॅम्पियन जवाहिऱ्याच्या वेषानें डोव्हर बंदरांत उतरला. राजकारणाशीं आपणांस कर्तव्य नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें होतें. वर्षभर तो घरोघर लपून उपदेश करीत राहिला. १५८१ च्या जुलैंत लायफर्ड येथें तो पकडला गेला.

लंडनच्या टॉवरमध्यें यंत्रावर ताणून त्याचे असे हाल करण्यांत आले कीं, न्यायासनापुढें त्यास हातही वर करवेना; तो सोबत्यानें उचलून धरला. लोकांस रोमच्या पंथांत ओढल्याचा आरोप ठेवण्याचा बेत आधीं होता. तो सोडून १३५२ च्या जुन्या राजद्रोहाच्या कायद्याखालीं, राणीच्या वधाचा कट केल्याचा आरोप ठेवण्यांत आला. आश्चर्य हें कीं, पंथ बदलल्यास जीवदान देण्याचीही तयारी होती! गुन्हा खरोखर राजवधाच्या कटाचा होता, तर तो चर्च बदलल्यानें कसा धुतला जाणार होता? १ डिसेंबर १५८१ रोजीं टायबर्न येथें, राणीसाठीं प्रार्थना करून, तो फांशीं गेला. १९७० सालीं पोपनें त्यास संत म्हणून जाहीर केलें.

परंतु ह्या चरित्राची दुसरी बाजूही झांकतां येत नाहीं. एलिझाबेथच्या पूर्वीं कॅथलिक राणी मेरीनें शेंकडों प्रॉटेस्टंट जिवंत जाळविले होते. कॅम्पियनचाच देशबंधु व संघबंधु थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला व त्यानें आमच्या मराठींत ख्रिस्तपुराण रचिलें. पण त्याच गोव्यांत १५६० पासून धर्मन्यायालय लोकांच्या श्रद्धेची झडती घेत होतें. लंडनांत जो पंथ पिडला गेला, तोच गोव्यांत पीडा देत होता.

घेण्याची तागडी एक व देण्याची दुसरी ठेवणाऱ्या दुकानदारास आपण लबाड म्हणतों. राज्यासही तोच न्याय लागू आहे. शिक्षा कृत्यास व्हावी, श्रद्धेस नव्हे. आणि सत्ता आपल्या हातीं असतांना जो हें पाळील, त्यासच दुसऱ्याच्या जुलमाविरुद्ध बोलण्याचा अधिकार आहे.