कपाट सरकवताना पहिला धक्काच जड का जातो? घर्षणाचं कोडं सोडवणाऱ्या कूलोम यांची गोष्ट

घरातलं लोखंडी कपाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे न्यायचंय. दोघं मिळून जोर लावतात, कपाट ढिम्म हलत नाही. आणखी जोर लावला की ते एकदम करकरत सुटतं आणि मग कमी ताकदीतही सरकत राहतं.

हा अनुभव सगळ्यांनाच आहे. पण थांबलेल्या वस्तूचं घर्षण आणि सरकणाऱ्या वस्तूचं घर्षण यांत नेमका किती फरक असतो, हे मोजायला एक लष्करी इंजिनिअर थेट जहाजांच्या गोदीत जाऊन बसला होता. त्यांचं नाव चार्ल्स ऑगस्टिन द कूलोम.

हो, तेच कूलोम. शाळेत विद्युतभाराचं एकक म्हणून आपण शिकतो ते. पण विजेकडे वळण्याआधीची त्यांची बरीच वर्षं दगड, माती, लाकूड आणि दोरखंड यांच्यात गेली.

त्यांचा जन्म १४ जून १७३६ चा, फ्रान्समधल्या अंगुलेम शहरातला. मेझिएर इथल्या लष्करी इंजिनिअरिंगच्या शाळेतून ते १७६१ मध्ये बाहेर पडले. १७६४ मध्ये त्यांची रवानगी झाली कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर. हे बेट ब्रिटिशांनी १७६२ मध्ये जिंकलं होतं आणि पुढच्या वर्षीच्या तहात फ्रान्सला परत दिलं होतं. ते पुन्हा हातचं जाऊ नये म्हणून तिथे भक्कम किल्ला हवा होता. फोर्ट बूर्बाँ नावाच्या या किल्ल्याचं काम कूलोम यांच्याकडे आलं.

या कामात आठ वर्षं गेली. उष्ण हवा आणि वारंवारचं आजारपण यांनी त्यांची तब्येत कायमची बिघडवली. पण याच काळात भिंती कशा ढासळतात, मातीचा रेटा किती असतो आणि माणूस उन्हात किती ओझं वाहू शकतो, हे त्यांनी जवळून पाहिलं.

१७७२ मध्ये ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर बांधकामावरचा निबंध मांडला. भिंतीमागची माती नेमकी कुठून घसरेल हे मातीच्या कणांमधलं घर्षण धरून कसं काढायचं, हे त्यात होतं. सिव्हिल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आजही संरक्षक भिंतीचा हिशोब शिकताना कूलोम यांचा सिद्धांत शिकतात.

१७७९ मध्ये त्यांना रोशफोर बंदराजवळच्या एका किल्ल्याच्या कामावर पाठवलं गेलं. इथल्या गोदीत जहाजं बांधली जात. लाकडाचं अवजड जहाज उतारावरून पाण्यात सोडायचं, जाड दोरखंड कप्प्यांवरून ओढायचे, तर घर्षणाचा अंदाज चुकून चालत नाही. अकादमीने नेमक्या याच विषयावर बक्षीस जाहीर केलं होतं.

घर्षणाचे दोन नियम तेव्हा माहीत होते. फ्रान्सच्याच गियोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये ते मांडले होते. पहिला, वस्तूचा भार दुप्पट झाला की घर्षणही दुप्पट होतं. दुसरा, टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ कितीही असो, घर्षण तेवढंच राहतं. म्हणजे वीट आडवी ठेवून ओढा किंवा उभी, जोर सारखाच लागतो. ऐकायला हे विचित्र वाटतं आणि तेव्हाच्या विद्वानांनाही ते पटकन पचलं नव्हतं.

कूलोम यांनी हे प्रत्यक्ष वजनं लावून तपासलं. फळीवर वजन लादलेली घसरगाडी ठेवायची, तिची दोरी कप्पीवरून सोडायची आणि टोकाला वजनं टांगत जायचं. गाडी किती वजनाला सुटते ते टिपायचं. मग लाकूड बदला, धातू लावा, चरबी लावून पाहा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट समजली. लाकडावर लाकूड काही वेळ टेकून राहिलं की ते सुटायला जास्त जोर लागतो. कोरड्या धातूंमध्ये मात्र थांबण्याच्या वेळेने फारसा फरक पडत नाही. शिवाय वस्तू सरकायला लागल्यावर तिचा वेग कमी-जास्त झाला तरी घर्षण साधारण तेवढंच राहतं.

यामागचं कारण देताना मात्र कूलोम पूर्ण बरोबर नव्हते. दोन ब्रशचे केस एकमेकांत अडकावेत तसे पृष्ठभागांचे उंचवटे अडकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात दोन पृष्ठभाग अगदी थोड्या टोकांवरच टेकतात आणि तिथे चिकटतात, हे विसाव्या शतकात स्पष्ट झालं. भार वाढला की ही टेकण्याची जागा वाढते, म्हणून घर्षणही वाढतं. कारण बदललं, पण त्यांचे नियम रोजच्या हिशोबाला अजूनही चालतात.

१७८१ मध्ये अकादमीचं बक्षीस त्यांना मिळालं आणि त्याच वर्षी ते अकादमीचे सदस्य झाले.

मग वीज कुठून आली? तिथेही घर्षणच आडवं आलं होतं. होकायंत्राची सुई टोकावर फिरते तेव्हा घर्षणामुळे अडखळते. म्हणून सुई बारीक धाग्याला टांगावी, असं कूलोम यांनी १७७७ मध्येच सुचवलं होतं. टांगलेल्या तारेला पीळ देण्याचा अभ्यास करत त्यांनी एक अतिशय नाजूक तराजू तयार केला. १७८५ मध्ये त्यानेच दोन विद्युतभारांमधलं बल मोजून दाखवलं: अंतर दुप्पट झालं की बल चौथाई होतं.

फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ मध्ये अकादमीच बंद झाली. कूलोम पॅरिस सोडून ब्लुआजवळच्या आपल्या जमिनीवर राहायला गेले. वातावरण निवळल्यावर ते परतले आणि शेवटच्या काळात देशातल्या शाळांच्या उभारणीचं काम त्यांनी पाहिलं. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

१८८१ मध्ये विद्युतभाराच्या एककाला त्यांचं नाव मिळालं आणि पुढे आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्येही ते आलं. कपाट सरकवताना त्यांची आठवण सहसा कुणाला होत नाही. पण गाडीचा ब्रेक असो, टेकूला लावलेली शिडी असो की घाटातली संरक्षक भिंत, तिचा हिशोब मांडताना गोदीत वजनं टांगून काढलेले तेच नियम वापरावे लागतात.