विश्लेषण : आर्क्टिकच्या बर्फाचा अंदाज का चुकतो? उत्तर एका अडकलेल्या जहाजात

आर्क्टिक महासागरावरचा बर्फ मार्चनंतर आक्रसू लागतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी होतो. किती उरेल, याचे अंदाज काही महिने आधीच बांधले जातात. नुसते तापमान पाहून ते जमत नाही, कारण बर्फ वितळतो तसा वाहूनही जातो. हे वाहणे जीव धोक्यात घालून मोजले ते नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी.

नान्सेन यांचा जन्म १८६१ चा. शिक्षण प्राणिशास्त्राचे, वेड स्कीचे.

१८८१ मध्ये ‘जेनेट’ हे अमेरिकी जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्यातल्या वस्तू थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. त्या बर्फासोबत ध्रुवाजवळून वाहत आल्या असणार, असे नान्सेन यांनी ताडले. मग मुद्दाम जहाजच बर्फात अडकवले तर? अनेक अनुभवी ध्रुवसंशोधकांनी ही कल्पना वेड्यात काढली.

तरीही ‘फ्राम’ बांधले गेले. बुडाचा आकार गोलसर, म्हणजे बर्फाने दाबले की जहाज फुटण्याऐवजी वर उचलले जाईल. सप्टेंबर १८९३ मध्ये १३ जणांसह ते बर्फात गोठले. सुरुवातीचे काही महिने तर ते कधी पुढे, कधी मागे सरकत राहिले. मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहानसेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले. ८६ अंशांच्या थोडे पुढे जाऊन त्यांना परतावे लागले. वाटेत किल्ली द्यायची राहून दोघांचीही घड्याळे बंद पडली आणि आपण नेमके कुठे आहोत तेच कळेना! फ्रान्झ जोसेफ लँडवर दगड आणि वॉलरसच्या कातड्याच्या खोपटात त्यांनी हिवाळा काढला. ऑगस्ट १८९६ मध्ये ‘फ्राम’ स्पिट्सबर्गनजवळ बर्फातून सुटले. तेराही जण जिवंत परतले.

खरी कमाई नोंदींची होती. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता २० ते ४० अंश उजवीकडे कलतो, हे नान्सेन यांनी टिपले. कारण पृथ्वीचे फिरणे. याचे गणित पुढे स्वीडनच्या एकमन यांनी मांडले. वाऱ्याच्या सुमारे २ टक्के वेगाने बर्फ सरकतो, हा ढोबळ नियमही त्याच नोंदींतला.

पहिल्या महायुद्धानंतर नान्सेन निर्वासितांच्या कामात उतरले. देश गमावलेल्यांना त्यांच्या नावाचा पासपोर्ट मिळाला, १९२२ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधल्या ज्या सामुद्रधुनीतून आर्क्टिकचा बर्फ मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, तिचे नाव आज फ्राम आहे. किती बर्फ बाहेर जाणार हे वाऱ्यावर ठरते आणि वाऱ्याचा भरवशाचा अंदाज जेमतेम आठ-दहा दिवसांचा. ऑगस्ट २०१२ मध्ये मोठे वादळ आले, त्याने आधीच पातळ झालेला बर्फ फोडला. त्या सप्टेंबरमध्ये सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला. उपग्रह नोंदींतला तो नीचांक आहे.